पोटाची भिंत आणि जाळीचे ठिगळ

मेंदूला कवटीची पेटी आहे, हृदय व फुप्फुसे यांना फासळ्यांचा पिंजरा आहे. पोटाला मात्र पुढच्या बाजूने हाडाचे कोणतेही संरक्षण नाही. कित्येक मीटर लांबीची आतड्यांची वेटोळी केवळ स्नायूंच्या आणि चिवट पडद्यांच्या भिंतीने तोलून धरलेली असतात. ही योजना निष्कारण नाही. पोटाची भिंत हाडाची असती, तर माणसाला वाकता आले नसते, पोटभर जेवता आले नसते आणि स्त्रीच्या उदरात गर्भाला वाढता आले नसते. लवचिकपणाची ही सोय आपल्याला लाभली आहे. पण तिची किंमतही मोजावी लागते. ही भिंत जेथे मुळातच पातळ असते किंवा पुढे दुबळी होते, तेथून आतील अवयवाचा एखादा भाग बाहेर डोकावू लागतो. या विकाराला वैद्यकात अंतर्गळ म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण त्याला हर्निया म्हणतो.

हा विकार दुर्मिळ नाही. इंग्लंडमधील नोंदींवरून केलेल्या एका गणनेनुसार जांघेतील अंतर्गळासाठी शस्त्रक्रिया करून घेण्याची वेळ चार पुरुषांमागे सुमारे एकावर आयुष्यात केव्हातरी येते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. जगभर दरवर्षी जांघेतील अंतर्गळाच्या दोन कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात, असा अंदाज आहे. त्यांतील फार मोठ्या भागात आज शल्यचिकित्सक केवळ टाके घालून थांबत नाही. तो भिंतीला कृत्रिम धाग्यांच्या जाळीचे ठिगळ लावतो. हे ठिगळ कोठून आले, ते शरीरात नेमके काय करते आणि त्याच्यापासून कोणते नवे प्रश्न निर्माण झाले, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

भिंतीची रचना आणि तिच्यातील दुबळ्या जागा

पोटाच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे तीन थर एकावर एक पसरलेले असतात. सर्वांत बाहेरच्या थराचे तंतू वरून खाली व मध्याकडे उतरतात, त्याच्या आतील थराचे तंतू बहुतांशी त्याच्या उलट दिशेने जातात आणि सर्वांत आतील थराचे तंतू आडवे धावतात. प्लायवुडच्या फळीत पातळ पापुद्रे निरनिराळ्या दिशांनी चिकटवलेले असतात व त्यामुळे ती सहजासहजी चिरत नाही. येथेही तत्त्व तेच आहे. मध्यभागी, छातीपासून ओटीपोटापर्यंत, दोन उभे स्नायू असतात आणि त्यांच्या दरम्यान पांढऱ्या, चिवट तंतूंची एक शिवण असते. या साऱ्यांच्या आतून पर्युदर नावाचे नाजूक अस्तर असते.

या भिंतीत काही जागा जन्मतःच कच्च्या राहतात. बेंबीतून गर्भाच्या नाळेच्या रक्तवाहिन्या जात असत, म्हणून तेथे छिद्र असते. जन्मानंतर ते आवळून बंद व्हावे अशी अपेक्षा असते. जांघेतील परिस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. पुरुषाची वृषणे गर्भावस्थेत पोटाच्या आत असतात आणि जन्मापूर्वी ती खाली उतरतात. उतरताना ती आपल्यासोबत रक्तवाहिन्या, मज्जातंतू व रेतवाहिनी यांची एक दोरी आणि पर्युदराची एक नळी ओढून नेतात. ही नळी पुढे मिटली नाही, तर आतड्याला उतरण्यास वाट तयारच असते. ती मिटली तरी दोरी जाण्यापुरती फट भिंतीत राहतेच. मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बाजूला आणखी एक अरुंद फट असते. तेथील अंतर्गळ स्त्रियांमध्ये तुलनेने अधिक आढळतो.

जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला लागणारा जोर, वारंवार होणारी गर्भधारणा, लठ्ठपणा यांमुळे आतला दाब वाढतो. वाढत्या वयाबरोबर आणि धूम्रपानामुळे तंतूंचा कस कमी होतो. तेव्हा ओझे उचलल्यामुळे हर्निया झाला, असे रोगी सांगतो ते सर्वस्वी खरे नसते. बहुधा दार आधीच कुजलेले असते; ओझे हा केवळ शेवटचा धक्का ठरतो.

धोका कशात आहे

खोकताना किंवा उभे राहताना फुगवटा दिसावा आणि आडवे होताच तो आत जावा, अशा अंतर्गळापासून बराच काळ फारसा उपद्रव होत नाही. खरा धोका निराळाच असतो. आतड्याचे वेटोळे अरुंद तोंडातून बाहेर पडते, तेथे सुजते आणि मग परत जाऊ शकत नाही. सूज वाढत गेली की त्या तोंडाशी रक्तवाहिन्या आवळल्या जातात. प्रथम अशुद्ध रक्त परत येणे थांबते, त्यानंतर शुद्ध रक्त पोचणेही थांबते आणि काही तासांत आतड्याचा तेवढा भाग मृत होऊ लागतो. कडक झालेला व दुखणारा, आत न जाणारा फुगवटा, उलट्या आणि पोटफुगी ही लक्षणे एकत्र दिसली, तर सकाळची वाट पाहणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. अशा वेळी फुगवटा जोराने दाबून आत ढकलण्याचा घरगुती प्रयत्न कधीही करू नये; मृतप्राय आतडे पोटात ढकलले गेले, तर बाहेर दिसणारी धोक्याची खूणच नाहीशी होते.

टाक्यांचे युग

हा विकार प्राचीनांना ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत सात प्रकारच्या वृद्धींमध्ये अंत्रवृद्धीचा समावेश आहे. फुगवटा वंक्षणात, म्हणजे जांघेत, असेतोवर अर्धचंद्राकृती तोंडाच्या शलाकेने डाग देऊन त्याचा मार्ग बंद करावा आणि तो वृषणकोशात उतरला असल्यास त्यावर उपचार करू नये, असा तेथे उपदेश आहे. भाजल्याने जो व्रण उरेल त्यानेच वाट बुजवावी, ही त्यामागील कल्पना. ती वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे ती वेगळ्या रूपात पुन्हा भेटणार आहे.

यूरोपात अनेक शतके फिरते शस्त्रवैद्य जांघ कापून अंतर्गळाची पिशवी बांधून टाकीत आणि बहुधा त्या बाजूचे वृषणही काढून टाकीत. भूल नव्हती आणि जंतूंचे ज्ञान नव्हते. म्हणून ज्याला शक्य होते तो कमरेला पट्टा बांधून दिवस काढी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर भूल आणि जंतुनाशन ही दोन्ही साधने हाती आली. तरीही पिशवी कापून छिद्र शिवले, तरी थोड्याच काळात फुगवटा पुन्हा दिसू लागे.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय इटलीतील पादुआ येथील एदुआर्दो बास्सिनी (१८४४–१९२४) यांना दिले जाते. तरुणपणी, १८६७ मध्ये, रोमजवळच्या लढाईत त्यांच्या स्वतःच्या जांघेत संगिनीचा वार बसला होता आणि ती जखम दीर्घकाळ वाहत राहिली होती. १८८४ पासून त्यांनी नवी पद्धत अवलंबिली. केवळ छिद्राचे तोंड शिवण्याऐवजी जांघेतील नालेची मागील भिंतच त्यांनी थरांनिशी पुन्हा बांधून काढली. १८८९ मध्ये त्यांनी आपल्या अनुभवावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली त्यांचा पुढे वर्षानुवर्षे मागोवा ठेवावा, ही शिस्तही त्यांनी घालून दिली. टोरांटो येथे एडवर्ड अर्ल शोल्डिस यांनी हीच परंपरा पुढे नेली. १९४५ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या रुग्णालयात थरावर थर घालून शिवण्याची पद्धत इतक्या कौशल्याने विकसित झाली की, जाळीविना मिळालेल्या उत्तम फलिताचे उदाहरण म्हणून ती आजही सांगितली जाते.

परंतु हे कौशल्य सर्वत्र साध्य झाले नाही. सर्वसाधारण शल्यचिकित्सकांच्या हातून शिवलेले अंतर्गळ बऱ्याच प्रमाणात पुन्हा उद्भवत राहिले. कारण उघड होते. ज्या कडा मुळात एकमेकींपासून दूर आहेत त्या टाक्यांनी जवळ ओढल्या, तर त्या सदैव ताणलेल्या राहतात. ताणलेल्या भागात रक्त कमी पोचते, टाके हळूहळू मांस कापीत जातात आणि रोग्याचा प्रत्येक खोकला शिवण उसवू पाहतो. विटलेल्या धोतराची फाटकी कड ओढून शिवली, तर दुसऱ्या दिवशी ते टाक्याशेजारी फाटते. शहाणी गृहिणी तेथे ठिगळ लावते.

योग्य कापडाचा शोध

ठिगळाची गरज ओळखली गेली होती. उणीव होती ती कापडाची. शरीरातील चिवट पडद्याइतके दाट व बळकट ऊतक कृत्रिम रीतीने निर्माण करता आले, तर अंतर्गळ कायमचा बरा करण्याचे रहस्य उलगडेल, असा आशय व्हिएन्नाचे विख्यात शल्यविशारद थिओडोर बिलरोट यांच्या नावाने सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास चांदीच्या तारांची जाळी वापरून पाहण्यात आली; ती ताठ होती. १९४० नंतरच्या दशकात टँटॅलम या धातूची जाळी आली. शरीराने ती बरी सोसली; परंतु पोटाची भिंत श्वासागणिक हलत असते आणि सारखी वाकणारी धातूची तार अखेर तुटते. तुटलेल्या तारांची टोके रोग्याला टोचू लागली.

उत्तर प्लॅस्टिकच्या युगातून आले. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील फ्रान्सिस अशर यांनी १९५८ मध्ये पॉलिएथिलीनच्या विणलेल्या जाळीचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याच दशकात, १९५४ मध्ये, इटलीतील जूलिओ नात्ता यांनी पॉलिप्रोपिलीनचे सुबद्ध रेणू तयार केले होते. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल त्सीगलर यांच्यासमवेत मिळाले. अशर यांनी लवकरच या नव्या पदार्थाकडे मोर्चा वळवला. तो सुमारे १६० अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही. म्हणून दाबाखालील वाफेने तो निर्जंतुक करता येतो. शरीरातील द्रवांत तो विरघळत नाही. शिवाय त्याची जाळी अशा रीतीने विणता येते की, कात्रीने हव्या त्या आकारात कापली तरी तिच्या कडा उसवत नाहीत. शल्यगृहात या गुणाचे मोल फार मोठे होते.

तरीही दोन दशके जाळी ही कठीण प्रसंगी वापरावयाची वस्तू मानली जाई. निरोगी माणसाच्या शरीरात परकी वस्तू ठेवू नये, हा संस्कार पक्का होता. तो मोडला लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन यांनी. त्यांचे म्हणणे असे की, ताण हेच अपयशाचे मूळ असेल, तर कडा ओढाव्यातच कशाला? १९८४ पासून ते प्रत्येक रोग्याच्या जांघेत भिंतीवर जाळी अंथरून तिच्या कडा थोड्या टाक्यांनी बसवू लागले; वृषणाकडे जाणाऱ्या दोरीसाठी तिला एक चीर ठेवली की झाले. बहुधा केवळ स्थानिक भूल पुरे. १९८९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लागोपाठच्या एक हजार रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एक ते पाच वर्षांच्या पाहणीत एकाही रोग्यात अंतर्गळ पुन्हा झाला नव्हता. ताणरहित दुरुस्ती हे शब्द तेव्हापासून सर्वतोमुखी झाले.

फ्रान्समध्ये याच प्रश्नाचा विचार दुसऱ्या बाजूने चालला होता. पाण्याच्या टाकीला पडलेल्या भोकावर बाहेरून चिकटवलेले ठिगळ पाण्याच्या दाबाने सुटते. तेच आतून लावले, तर पाणीच त्याला भिंतीशी दाबून धरते. आमियाँ येथील रने स्तोप्पा यांनी या न्यायाने पर्युदर आणि स्नायू यांच्या दरम्यान मोठी जाळी पसरली. जो दाब अंतर्गळ निर्माण करतो तोच येथे दुरुस्तीला आधार देतो. १९९० नंतर दुर्बिणीने पोटाच्या आतून काम करण्याची कला विकसित झाली, तेव्हा हीच जागा तीन लहान छिद्रांतून गाठता येऊ लागली. त्यामुळे रोगी लवकर कामाला लागतो. मात्र या पद्धतीला संपूर्ण भूल, महागडी उपकरणे आणि दीर्घ सराव यांची जोड लागते.

जाळी शरीरात काय करते

जाळी म्हणजे छिद्रावर मारलेली फळी, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः जाळी स्वतः फारसे काम करीत नाही. ती शरीराकडून काम करवून घेते. परकी वस्तू आत आली की शरीर तिला वेढू लागते. प्रथम रक्तातील प्रथिनांचा थर धाग्यांवर बसतो, मग भक्षक पेशी येतात आणि त्यांच्या मागोमाग तंतुजनक पेशी. या पेशी जाळीच्या भोकांतून ये-जा करीत कोलॅजेनचे धागे विणतात. काही आठवड्यांत जाळी आणि ऊतक एकजीव होतात. घराच्या गिलाव्यात तारेची जाळी असते, पण भिंत बनते ती चुन्याची. त्यातलाच हा प्रकार. सुश्रुताच्या शलाकेने जे व्रणाकडून साधू पाहिले तेच येथे आखीव रीतीने साधले जाते. व्रण हा येथे शत्रू नसून गवंडी आहे.

म्हणूनच जाळीत धाग्याइतकेच महत्त्व भोकांना आहे. जंतू एक सहस्रांश मिलिमीटर एवढे लहान असू शकतात, तर भक्षक पेशी त्यांच्या दहापट किंवा त्याहून मोठ्या असतात. अनेक बारीक तंतू पिळून केलेल्या धाग्याच्या बेचक्यांत जंतू शिरतात, पण पेशी त्यांचा पाठलाग करू शकत नाहीत. यासाठी एकेरी धाग्याची, मोठ्या भोकांची जाळी पसंत केली जाते. दुसरे असे की, नवा व्रण आकसतो आणि आपल्याबरोबर जाळीलाही आकसवतो. म्हणून ती छिद्राच्या मापाची कापून भागत नाही; पोटाच्या पुढील भिंतीवर ती छिद्राच्या चहूबाजूंनी सुमारे पाच सेंटिमीटर पुढे जावी, असा दंडक आहे.

आरंभीच्या जाळ्या गरजेपेक्षा फार बळकट होत्या. जर्मनीतील आखेन येथील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात हिशेब करून दाखवले की, पोटाच्या भिंतीला दर सेंटिमीटरला सुमारे १६ न्यूटन एवढा ताण सोसण्याची क्षमता पुरते. जाळ्या मात्र त्याच्या कितीतरी पट मजबूत विणल्या जात होत्या. अधिक प्लॅस्टिक म्हणजे अधिक दाह आणि अधिक ताठ व्रण. यातून हलक्या जाळ्यांची कल्पना पुढे आली. तथापि फार हलकी जाळी मोठ्या छिद्रावर कधी कधी फाटते, असाही अनुभव आला. जाळीची निवड ही छिद्र व रोगी पाहून करावी लागते.

जुन्या व्रणातील अंतर्गळ

पोटाच्या एखाद्या शस्त्रक्रियेनंतर तिच्याच व्रणातून अंतर्गळ उद्भवतो, तेव्हा ठिगळाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. नेदरलँड्समधील एका तुलनात्मक अभ्यासात अशा रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. एका गटाला केवळ टाके, दुसऱ्याला जाळी. दहा वर्षांनी, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, टाक्यांच्या गटात शेकडा ६३ रोग्यांना अंतर्गळ पुन्हा झाला होता. जाळीच्या गटात शेकडा ३२ जणांना. जाळीने अपयश निम्म्यावर आणले, पण ते नाहीसे केले नाही, हा या आकड्यांचा दुहेरी अर्थ आहे. त्याच देशातील २०१५ मधील दुसऱ्या अभ्यासाने मूळ शस्त्रक्रियेतच सावध राहण्याचा धडा दिला. पोट बंद करताना कडेपासून सुमारे पाच मिलिमीटर अंतरावर बारीक व जवळजवळ टाके घातले, तर वर्षभरात उद्भवणाऱ्या अंतर्गळाचे प्रमाण शेकडा २१ वरून १३ वर येते.

मच्छरदाणीचे कापड

आतापर्यंतचे विवेचन जेथे जाळी विकत घेता येते तेथील झाले. ज्या मजुराची रोजी बुडणे हीच मोठी आपत्ती असते त्याच्यासाठी परदेशी जाळीची किंमत शस्त्रक्रियेइतकीच अशक्य ठरते आणि मग तो पट्टा बांधून ओझी उचलत राहतो, ते आतडे आवळले जाईपर्यंत.

या अडचणीवर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून एक साधे उत्तर पुढे आले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचे येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्या लक्षात आले की, बाजारातील मच्छरदाणीचे कापड ज्या जातीच्या प्लॅस्टिकचे विणलेले असते त्याच जातीची जाळी शल्यगृहात वापरली जाते. कापड धुऊन, तुकडे करून, निर्जंतुक करून त्यांनी ते वापरले. पुढे इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांसह घेतलेला अनुभव त्यांनी २००३ मध्ये भारतीय शल्यशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या कल्पनेची कठोर कसोटी आफ्रिकेत लागली. युगांडाच्या पूर्व भागात ३०२ पुरुषांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात अर्ध्यांना मच्छरदाणीची व अर्ध्यांना कारखान्याची महाग जाळी बसवली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात केवळ एका रोग्याला आणि दुसऱ्या गटात कोणालाही अंतर्गळ पुन्हा झालेला नव्हता. इतर उपद्रवांतही लक्षणीय फरक नव्हता. एका जाळीला सुमारे एक डॉलर खर्च आला होता, तर दुसरीला शंभराहून अधिक. अर्थात कोणतेही कापड चालेल, असा याचा अर्थ नव्हे. धाग्याची जात, वीण आणि निर्जंतुकीकरण यांची खात्री करून घेणे हे तज्ज्ञांचे काम आहे.

जाळीवाचूनही मार्ग आहेत. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रोग्याच्याच पोटावरील बाहेरच्या चिवट पडद्याची एक पट्टी, तिची मूळ जोड न तोडता, दुबळ्या जागेवर बसवली जाते. येथे ठिगळ आहे, पण कापड घरचेच आहे.

जाळीचे दोष

जाळीने पुनरुद्भव कमी झाला, तेव्हा दुसऱ्या एका त्रासाकडे लक्ष गेले. जांघेतून तीन नाजूक मज्जातंतू जातात. शस्त्रक्रियेत ते दुखावले किंवा नंतर व्रणात सापडले, तर वेदना महिनोन्‌महिने टिकते. जांघेच्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा दहा ते बारा रोग्यांना काही ना काही वेदना रेंगाळते. त्यांतील थोड्यांच्या बाबतीत ती रोजच्या व्यवहारात अडथळा आणण्याइतकी तीव्र असते. ही वेदना केवळ टाक्यांच्या शस्त्रक्रियेनंतरही होते, तेव्हा सारा दोष जाळीचा नाही. पण ज्याला ती भोगावी लागते त्याला या खुलाशाने समाधान मिळत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ही शक्यता रोग्याला स्पष्टपणे सांगणे हे चिकित्सकाचे कर्तव्य आहे.

जाळीला जंतुसंसर्ग झाला, तर तो औषधांनी हटत नाही आणि कधी कधी जाळी काढावी लागते. ऊतकांशी एकजीव झालेली जाळी काढणे हे ती बसवण्यापेक्षा पुष्कळच अवघड असते. उघडी जाळी आतड्याला चिकटते व कालांतराने त्यात घुसूही शकते. म्हणून पर्युदराच्या आत ठेवावयाची असल्यास आतड्याकडील बाजूला न चिकटणारा लेप असलेली जाळी वापरतात. स्त्रियांच्या श्रोणीतील अवयव खाली सरकण्याच्या विकारात योनिमार्गातून बसवल्या जाणाऱ्या जाळ्यांमुळे अनेकींना गंभीर त्रास झाला आणि २०१९ मध्ये अमेरिकी शासनाच्या नियामक संस्थेने त्या उपयोगासाठी त्यांची विक्री थांबवली. तो अवयव निराळा आणि विकारही निराळा. तरी एका जागी उपकारक ठरलेली वस्तू दुसऱ्या जागी तशीच ठरेल असे गृहीत धरू नये, हा बोध सर्वांनाच लागू आहे.

निर्णय कसा घ्यावा

प्रत्येक अंतर्गळावर ताबडतोब शस्त्र चालवलेच पाहिजे, असे नाही. ज्यांना त्रास नाही किंवा अगदी थोडा आहे अशा ७२० पुरुषांचा अमेरिकेत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया न करता केवळ लक्ष ठेवलेल्या गटात तातडीचा प्रसंग दर हजार रोग्यांमागे वर्षाला सुमारे दोघांवर आला. मात्र पुढील दहा वर्षांत त्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांनी, मुख्यतः दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा थांबणे सुरक्षित असू शकते. पण बहुतेकांच्या बाबतीत ते केवळ पुढे ढकलणे ठरते. शिवाय हा निष्कर्ष अशा रोग्यांचा आहे, ज्यांना गरज पडताच रुग्णालय गाठता येते. जेथून शल्यगृह गाठण्यास एक रात्र लागते तेथील माणसाने हा आकडा जपूनच वापरावा.

मांडीच्या वरच्या अरुंद फटीतील अंतर्गळ आवळला जाण्याची भीती फार असते. तेथे थांबणे योग्य नाही. बालकांना जाळीची गरज नसते. त्यांच्या जांघेतील अंतर्गळात न मिटलेली नळी बांधून टाकणे पुरते, मात्र त्यास विलंब करू नये. बेंबीचा फुगवटा बहुधा चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत आपोआप नाहीसा होतो. प्रौढांनी शस्त्रक्रियेपूर्वी तंबाखू सोडावी, खोकल्यावर उपचार घ्यावेत आणि शक्य तितके वजन उतरवावे. ठिगळ कितीही उत्तम असले, तरी ते ज्या कापडावर लावावयाचे ते कापड रोग्याचे स्वतःचे असते आणि त्याची निगा शल्यगृहाबाहेरच राखावी लागते.